तिन्ही गोळ्या आरपार

"मग गोळी गेली कुठं?"

दगडूबाबांनी विचारलं.

"आरपार," जयवंतराव तोरस्कर म्हणाले.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि डुक्कर?"

जयवंतरावांनी तोंड उघडायच्या आत मागं उकिडवा बसलेला रवळू गावडे म्हणाला, "माझ्या उसात हाय. खातंय."

"तीन गोळ्या आरपार गेलेलं डुक्कर खातंय?"

"परवापास्नं जरा ज्यास्तच खातंय."

बाबांनी ऊदाच्या भांड्यातली राख काडीनं हलवली…

दगडू मुजावर तरुणपणी एका लहानशा संस्थानाच्या शिकारखान्यात चाकरीला होते. बावीस वर्षं. पुढं संस्थान गेलं, शिकारखाना गेला, वाघही गेले. बाबा राहिले. कोदेवाडीच्या वर, घाटमाथ्यावर, पीरसाहेबांच्या दर्ग्यात ऊद जाळत बसायचे आणि लोकांच्या बांधलेल्या बंदुका सोडवायचे.

त्या मुलखात बंदूक बांधतात. म्हणजे असं की एखाद्याचे दोन-तीन बार वाया गेले, तर कोणीतरी राखेवर काहीतरी पुटपुटून त्याची बंदूक बांधली, असं धरून चालतात. नेम चुकणारा माणूस त्या भागात अजून जन्माला यायचा होता. चुकायच्या त्या बंदुका.

मग माणूस बंदूक घेऊन बाबांकडं येई. बाबा ती घेऊन दर्ग्यामागं जात, अर्ध्या तासानं आणून देत. मागं काय करत, हे विचारायची रीत नव्हती. परत आलेल्या बंदुकीला तेलाचा वास येई, एवढं खरं.

जयवंतरावांची गोष्ट वेगळी होती. ते शिकलेले होते. खाली बाजारपेठेत त्यांचा काजूचा कारखाना होता आणि घरी रायफल होती. थ्री सेव्हंटी फाईव्ह मॅग्नम, विलायती, वर हातभर लांबीची दुर्बीण. रायफलींबद्दल त्यांनी इतकं वाचलं होतं की रायफल चालवायला वेळ पुरला नव्हता.

"मी हे बांधणं-सोडवणं मानत नाही," ते म्हणाले.

"बरं."

"अंधश्रद्धा आहे."

"बरं."

"पण कोणीतरी काहीतरी केलंय."

"नेमाला?"

"नेमाला कोण काय करणार! नेम माझा आहे. गोळीची ताकद बांधलीय. लागते, पण लागल्यासारखी लागत नाही."

बाबांनी रवळूकडं पाहिलं. रवळूनं जमिनीकडं पाहिलं.

हकीकत एवढीच होती. रवळूच्या दोन एकर उसात एकसुळ्या डुकरानं ठाण मांडलं होतं. वनखात्यानं मारायचा परवाना दिला. रवळूकडं बंदूक नव्हती म्हणून जयवंतराव आपणहून आले. परवा दिवस कलताना मचाणावरून त्यांनी तीन बार काढले. डुक्कर उसात गेलं. जयवंतराव खाली उतरले आणि जमलेल्या गावाला म्हणाले, "तिन्ही लागल्या. आता आत जाऊन मरेल."

गावानं टाळ्या वाजवल्या. ग्रामपंचायतीनं आज संध्याकाळी सत्कार ठेवला. फलकसुद्धा लागला होता. त्यावर जयवंतराव होते, रायफल होती, 'रानडुकरांचा कर्दनकाळ' असं लिहिलं होतं. डुकराचा फोटो नव्हता, कारण डुक्कर उपलब्ध नव्हतं.

अडचण झाली ती ऊसतोडीच्या टोळीची.

रवळूच्या तोडीची पाळी आजची होती. टोळी आली, उसाच्या बांधावर उभी राहिली, आणि आत जखमी डुक्कर आहे असं ऐकून परत फिरली. दर्ग्याच्या खाली रस्त्यावर त्यांची ट्रॉली उभी होती. वीस माणसं कोयते मांडीवर घेऊन बसली होती, त्यांत बारा बाया. टोळीचा मुकादम ढाकणे, बीडकडचा माणूस, तेवढा वर आला होता आणि एका बाजूला तंबाखू मळत बसला होता. बंदुकीशी त्याला देणंघेणं नव्हतं. आत शिरायचं की ट्रॉली पुढच्या गावाला न्यायची, एवढंच त्याला हवं होतं. एकदा पुढं गेलेली टोळी महिनाभर मागं येत नाही, आणि रवळूच्या उसाला तुरे येऊन वाळत चालले होते.

"सुटं डुक्कर असलं तर भ्या न्हाई," मुकादम म्हणाला. "डबे वाजवले की पळतं. जखमी डुक्कर पळत न्हाई. वाट बघत बसतं. माझ्या मेव्हण्याची मांडी फाडलीय असल्यानं."

"मी सांगितलं त्यास्नी," रवळू म्हणाला. "रगत न्हाई, केस न्हाई. पण माझ्या बोलण्याला वजन न्हाई. गोळीला हाय."

"तीनशे ग्रेनचं आहे," जयवंतराव म्हणाले.

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"गोळीचं वजन. चार हजार पौंडाचा तडाखा असतो हिचा, बाबा. डुकराच्या खुराला लागली तरी डुक्कर चार हात मागं उडतं."

"उडतं?"

"उडायलाच पाहिजे."

"दस्ता कुठं टेकवता?"

"खांद्याला."

"गोळी पुढं जेवढ्या जोरानं निघते, तेवढ्याच जोरानं दस्ता मागं येतो. तुम्ही किती हात उडालात?"

जयवंतरावांनी खांदा चोळला.

"पयल्या बाराला टोपी उडाली," रवळू म्हणाला. "तिसऱ्याला साहेब मचाणावरनं घसरले. पण उडाले असं न्हाई म्हणता यायचं."

मुकादमानं तंबाखू तोंडात टाकली आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

"आणि ऊस होता ना मधे?" बाबांनी विचारलं.

"होता. पण जड गोळी आहे. पाल्यातून, काड्यांतून सरळ जाते. हलकी गोळी वाकडी होते, ही होत नाही."

"काडीला गोळीचं वजन वाचता येतं?"

जयवंतरावांनी दुर्बिणीच्या काचेवर फुंकर मारली.

"शिकारखान्यात आमच्या सरकारांनी एकदा कारवीच्या झुडपांतून बार काढला. ह्याहून जाड गोळी. वाघ डावीकडं होता. उजवीकडं दिवाणसाहेबांचा डबा होता, जेवणाचा. डबा पडला."

"दिवाण?"

"ते उपाशी राहिले."

जयवंतरावांनी आवाज जरा वाढवला. पुस्तकं वाचलेला माणूस आवाज वाढवतो तेव्हा पुस्तकाचा पुढचा धडा सुरू होतो.

"बाबा, अहो, लागायचीही गरज नसते. इतका वेग आहे की गोळी कानाजवळून गेली तरी नुसत्या वाऱ्यानं जनावर मरतं."

बाबांनी डावा कान पुढं केला.

"ह्याच्याजवळून गेली होती. सरकारांचीच."

"मग?"

"मेलो नाही. तेवढा कान बहिरा झाला. तेव्हापासून कोणी शिकारीची हकीकत सांगायला लागलं की मी त्याला ह्या बाजूला बसवतो."

जयवंतरावांनी पाहिलं. ते त्याच बाजूला बसले होते.

"नेम कुठं धरला होता?" बाबांनी दुसरा कान वळवला.

"पायाशी."

"पायाशी का?"

"गोळी नळीतून सुटली की आधी वर चढते ना, मग खाली येते. पायाशी धरली की छातीत बसते. शास्त्र आहे."

बाबांनी पुढ्यातला एक खडा उचलला आणि बोटं सोडली. खडा पडला.

त्यांनी तो परत उचलला. परत सोडला.

"कधी चढेल?" त्यांनी विचारलं.

"त्याला वेग नाही!"

"वेगानं तो लांब जाऊन पडेल. चढवायचा तर हात वर करावा लागतो. बंदुकीतही नळीच जरा वर बघत असते, दुर्बिणीच्या मानानं. गोळीला स्वतःची हौस नसते, रावसाहेब."

खाली ट्रॉलीवर एक बाई खाकरली.

"बाबा," मुकादम म्हणाला, "दिस चढायलाय."

बाबा उठले. दर्ग्यामागून एक जुनं सूप घेऊन आले, मधोमध फुटलेल्या जागी शेणानं लिंपलेलं. मुठीएवढा काळा ठिपका दिसत होता.

"चला."

टेकडीच्या पलीकडं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची बंद पडलेली खाण होती. तीन बाजूंनी पुरुषभर उंच कातळ. बाबांनी सूप कातळाला टेकवलं, पावलं मोजत मागं आले. ऐंशी.

"काढा बार."

"कशाला? नेम लावलेली आहे ही."

"कोणी लावली?"

"कारखान्यात. तिथं तज्ज्ञ लोक असतात. एकदा लावून मोहोर करून पाठवतात. परत हात लावायचा नसतो."

"त्यांनी तुमचा डोळा बघितला होता?"

"…नाही."

"तुमचा खांदा?"

"नाही."

"कोदेवाडीचा रस्ता?"

जयवंतराव कोपरावर पडले, दस्ता खांद्याला लावला, डोळा मिटला, आणि बार काढला. खाण दणाणली. माकडं झाडावरून शिव्या देत गेली.

सूप जागचं हललं नव्हतं. दोन हात उजवीकडं कातळावर लाल धूळ उडाली होती.

"वारा," जयवंतराव म्हणाले.

खाणीत पान हलत नव्हतं.

"परत."

परत धूळ. दोन हात उजवीकडं, बोटभर खाली.

"काडतूस दमट असेल."

"परत."

तिसरी पण तिथंच.

"आता डुकराला सांगून ठेवा," बाबा म्हणाले. "म्हणावं, दोन हात उजवीकडं सरकून उभं राहत जा. शिकलेल्या माणसाशी गाठ आहे."

रवळू पुढं झाला. त्यानं कातळावरच्या खुणांकडं पाहिलं, मग हातानं सुपापर्यंतचं अंतर मोजलं.

"तेवढंच हाय," तो म्हणाला.

"काय तेवढंच?"

"माझ्या बांधात तीन भोकं हाईत. डुक्कर उभं होतं तिथनं दोन हात उजवीकडं. तेवढंच अंतर."

"आणि हे तू आज सांगतोयस?" जयवंतराव ओरडले.

"परवा तुमास्नी हार घालत होते वो, साहेब. मधी कसं बोलायचं."

बाबांनी रायफल मागितली. मांडीवर आडवी घेतली, काडतूस नसल्याची खात्री केली. मग एका बोटानं दुर्बिणीला हलकंच ढोसलं.

टक्.

परत ढोसलं.

टक्…

दुर्बीण हलत होती. दुधाच्या दाताइतकी.

सगळे त्या आवाजाकडं बघत राहिले, आवाजाकडं बघता येतं तितपत.

"जीपमधून आणता?" बाबांनी विचारलं.

"मागच्या सीटवर."

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून एक लहान पेचकस काढला. दर्ग्यामागं अर्धा तास काय चालतं, ते त्या दिवशी तिघांना कळलं. बाबांनी दुर्बिणीचे चार पेच आवळले, मग बाजूच्या गोल खुंटीला हात घातला.

"मोहोर आहे त्याला!" जयवंतराव म्हणाले.

बाबांनी मोहोर नखानं काढली. खुंटी थोडी फिरवली, स्वतः आडवे झाले, बार काढला. हातभर उजवीकडं. परत फिरवली. वीतभर. तिसऱ्या वेळी सूप उलटं पडलं, ठिपक्याच्या जागी भोक होतं आणि भोकाभोवतीचं शेण निखळलं होतं.

जयवंतराव उठून उभे राहिले. चेहरा उजळला होता.

"बघा! मी म्हणत नव्हतो? दोष माझा नव्हताच. रायफलच बांधली होती. पेच ढिला म्हणजे बांधल्यासारखंच की. रवळू, आज संध्याकाळी परत मचाणावर बसतो. तुझं डुक्कर मेलंच समज."

"साहेब, माझा ऊस आज तोडायचाय," रवळू म्हणाला.

मुकादम पुढं आला.

"साहेब, मला एकच सांगा. त्या डुकराला गोळी लागलीय का न्हाई?"

"बघितलंस ना तू सगळं?"

"बघितलं. पण बंदूक आज चुकली म्हंजे परवा चुकली, असं मी बायांना कसं सांगू? तुम्ही गावापुढं बोललात लागली म्हणून."

"रानाचा जुना नियम आहे," बाबा म्हणाले. "जनावर जखमी आहे का नाही, हे बार काढणाऱ्यानंच सांगायचं. बाकीच्यांनी त्यावर बोलायचं नाही. बार ज्याचा, शब्द त्याचा."

जयवंतरावांनी घसा साफ केला.

"तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर…"

"लागलीय?"

"गोळी डुकराच्या दिशेनं गेली, याबद्दल दुमत नाही."

"म्हंजे लागलीय."

"तसं ठामपणे नाकारता येण्यासारखी परिस्थिती…"

"समजलं." मुकादमानं धोतर झटकलं. "टोळी हलवतो मी. जिवापेक्षा ऊस मोठा न्हाई."

तो खाणीतून बाहेर पडला आणि टेकडी चढायला लागला. रवळू त्याच्या मागं गेला नाही. त्यानं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"अठरा महिन्यांचा हाय," तो म्हणाला. कोणालाच नाही, नुसतं.

जयवंतराव बाबांजवळ सरकले. आवाज उतरला होता.

"बाबा, तुम्ही सांगा ना मुकादमाला. म्हणावं, रायफल बांधली होती, म्हणून चुकली. तुमचं ऐकेल तो."

"तुम्ही मानत नाही ना?"

"एवढ्यापुरतं मानतो."

"बाया घेऊन उसात शिरायचंय त्याला. मी सांगितलं तर त्याला वाटेल, म्हातारा तुमची लाज राखतोय. राखलेल्या लाजेवर कोण आत पाय टाकेल?"

"पण आज सत्कार आहे, बाबा."

"असेल."

"फलक लागलाय."

"बघितला. फोटो चांगला आहे."

"भाषण लिहिलंय मी…"

बाबांनी रायफल जयवंतरावांच्या हातात दिली आणि सूप उचलायला गेले.

वर, टेकडीच्या कडेवर मुकादम पोचला. त्यानं खाली रस्त्याकडं हात केला. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला…

"अहो मुकादम!"

मुकादम वळला.

जयवंतराव खाणीच्या तोंडाशी उभे होते. रायफल त्यांनी पाठीमागं धरली होती, जशी एखादा चोरीचा फणस धरतो.

"काय?"

"लागली नाही."

"ऐकू येत न्हाई! ट्रॅक्टर चालूय!"

"चुकलो!"

"किती?"

जयवंतरावांनी एकदा रवळूकडं पाहिलं. रवळू मुंडाशाच्या टोकाची गाठ सोडत होता, बांधत होता.

"तिन्ही!" जयवंतराव ओरडले. "तिन्ही चुकल्या! डुकराला काहीसुद्धा झालेलं नाही!"

मुकादम रस्त्याच्या बाजूला वळला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून, बीडपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "ए! उतरा गं खाली! डबे घ्या! साहेब चुकले! तिन्हीच्या तिन्ही!"

ट्रॅक्टर बंद झाला.

आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग सगळी ट्रॉली हसायला लागली. कोयत्याचे आवाज, डब्यांचे आवाज आणि त्यावर हसणं, असं सगळं टेकडीच्या पलीकडून येत राहिलं. कोणीतरी 'चुकले गं बाई चुकले' याला चालसुद्धा लावली.

रवळूनं मुंडासं डोक्याला गुंडाळलं आणि पळत सुटला. त्याच्या वयाला ते शोभत नव्हतं.

जयवंतराव खाणीत उभे राहिले. त्यांचे कान जांभ्याच्या रंगाचे झाले होते.

"हसतायत, बाबा," ते म्हणाले.

दगडूबाबांनी सुपातलं भोक उजेडाकडं धरून पाहिलं.

"हसू द्या, रावसाहेब. तुमचा पहिला बार आत्ता बसला."